ऐतिहासिक प्लेगचे संशोधन आणि बातम्यांमधील चुका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लेगच्या इतिहासासंबंधी एखादी नवी बातमी आली की त्यापाठोपाठ ठरावीक प्रश्न येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी संशोधनातला एखादा खरा, पण मर्यादित निष्कर्ष असतो आणि तो बातमी होता होता फुगलेला असतो. म्हणून पुढील उत्तरांत मूळ पुरावा काय होता, तो कुठला होता आणि त्यावरून किती म्हणता येते, यावर भर दिला आहे.

इतिहासात ‘प्लेग’ म्हणून सांगितलेली प्रत्येक साथ प्लेगचीच होती का?

नाही. आज प्लेग म्हणजे ‘यर्सिनिया पेस्टिस’ या जिवाणूमुळे होणारा रोग. हा जिवाणू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमधील साथीत ओळखला. या रोगाच्या तीन मोठ्या लाटा मानल्या जातात : इ.स. ५४१ मध्ये बायझंटाइन साम्राज्यात सुरू झालेली, चौदाव्या शतकाच्या मध्यावर युरोप व पश्चिम आशियात पसरून पुढे अठराव्या शतकापर्यंत अधूनमधून उफाळत राहिलेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाँगकाँगहून बंदराबंदरांतून जगभर गेलेली, जी १८९६ मध्ये मुंबईत पोहोचली. ‘जगातील मोठे प्लेग’ अशा याद्यांमध्ये इ.स.पूर्व ४३० ची अथेन्सची साथ आणि दुसऱ्या शतकातील रोमन साम्राज्यातील साथ सर्रास घातलेली असते. त्या दोन्ही साथी प्लेगच्या होत्या असे दाखवणारा पुरावा नाही.

सहाशे-सातशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला प्लेगच झाला होता, हे कशावरून ठरवतात?

बहुतेक वेळा दातावरून. प्लेगने मरणाऱ्या माणसाच्या रक्तात शेवटच्या टप्प्यात जिवाणूंची संख्या प्रचंड वाढते. दाताच्या आतल्या पोकळीत रक्तवाहिन्या असतात. मृत्यूनंतर ते रक्त तिथेच सुकते आणि दाताचे कठीण कवच त्याला माती-पाण्यापासून बऱ्याच अंशी जपते. संशोधक असा दात, शक्यतो मुळांसकट शाबूत राहिलेली दाढ, अत्यंत स्वच्छ ठेवलेल्या प्रयोगशाळेत मुकुट आणि मूळ यांच्या सांध्यावर कापतात व पोकळीच्या भिंतींवरून चिमूटभर भुकटी खरवडून घेतात. त्या भुकटीत मिळणारा बहुतांश डीएनए मातीतल्या जिवाणूंचा असतो. प्लेगच्या जिवाणूचे त्यातले तुकडे अगदी थोडे आणि फार आखूड असतात, आणि काळाच्या ओघात त्यांच्या टोकांना विशिष्ट प्रकारची रासायनिक झीज झालेली असते. ही झीज दिसली तरच तो डीएनए खरोखर जुना आहे, आजच्या हाताळणीतून मिसळलेला नाही, असे म्हणता येते. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड येथील दफनभूमी १३४८-५० च्या साथीसाठीच वापरली गेली होती. तिथल्या दातांवरून या जिवाणूचा जवळजवळ पूर्ण जनुकीय आराखडा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ती साथ प्लेगची होती का, हा जुना वाद बहुतांशी मिटला.

या पद्धतीची एक मर्यादा बातमीत सहसा येत नाही. दातात जिवाणू सापडला तर त्या माणसाला प्लेग झाला होता हे सिद्ध होते. सापडला नाही तर प्लेग नव्हता हे सिद्ध होत नाही. डीएनए टिकला नसेल, किंवा जिवाणू रक्तात पुरेसे पसरण्याआधीच मृत्यू आला असेल. शिवाय एका दफनभूमीतील तीन दातांवरून संपूर्ण शहरात किती माणसे मेली, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही.

मग चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर होते? संशोधक चुकतात की पत्रकार?

दोघेही, पण बहुतेक वेळा चूक मधल्या टप्प्यांवर होते. शोधनिबंधात निष्कर्षासोबत अटी असतात. विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकात त्या अटी एका वाक्यावर येतात, वृत्तसंस्थेच्या बातमीत ते वाक्य शेवटच्या परिच्छेदात जाते, आणि आपल्याकडे ती बातमी मराठीत उतरवताना जागा कमी पडली की तो शेवटचा परिच्छेदच गळतो. मथळा लिहिणाऱ्याने मूळ निबंध पाहिलेला नसतो, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही कोणी ठेवलेली नसते. प्रसिद्धिपत्रकावर संशोधकांची संमती असते; त्यामुळे ‘गूढ उकलले’ अशी भाषा तिथूनच आलेली असेल, तर सगळा दोष वार्ताहराच्या माथी मारणे न्याय्य नाही.

किर्गिझस्तानात प्लेगचा उगम सापडला, हे खरे आहे का?

शोध खरा आणि फार मोलाचा आहे. मथळा मात्र त्याच्या पुढे गेला. इसिक-कुल सरोवराजवळच्या दोन जुन्या ख्रिस्ती दफनभूमींमध्ये सिरियाक लिपीतले कोरीव थडगे-दगड आहेत. त्यांतल्या ज्या ४६७ दगडांचा काळ ठरवता येतो, त्यांतले ११८ केवळ १३३८ आणि १३३९ या दोन वर्षांचे आहेत, आणि काहींवर मृत्यूचे कारण ‘मरी’ असे कोरलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उकरलेले तिथले सांगाडे रशियात ठेवलेले होते. त्यांतल्या सात व्यक्तींच्या दातांची तपासणी झाली, तिघांमध्ये प्लेगचा जिवाणू मिळाला आणि २०२२ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. हा जिवाणू पुढे युरोपात पसरलेल्या शाखांच्या अगदी मुळाशी बसतो.

यावरून त्या भागात १३३८ साली प्लेगची साथ होती हे निश्चित झाले, आणि युरोपातील साथीचा पूर्वज तिथे किंवा त्या परिसरात होता हा तर्क बळकट झाला. मात्र तो जिवाणू तिथून काळ्या समुद्रापर्यंत आठ वर्षांत कोणत्या वाटेने गेला, याचा दुवा या दातांत नाही. या शाखा फुटण्याची घटना त्याआधीची, तेराव्या शतकातील मंगोल विस्ताराच्या काळातली आहे, असे मोनिका ग्रीन यांच्यासारख्या इतिहासकारांचे म्हणणे आहे. म्हणजे ज्या प्रश्नाला ‘उत्तर मिळाले’ असे छापले गेले, त्यावर अभ्यासकांमध्ये वाद चालू आहे.

उंदीर निर्दोष ठरले, असे वारंवार वाचनात येते. ते कितपत बरोबर आहे?

या एका विषयावर जितकी दिशाभूल झाली आहे तितकी क्वचितच कशावर झाली असेल, म्हणून थोडे सविस्तर.

२०१५ साली झाडांच्या खोडांतील वलयांवरून मध्य आशियातील जुने हवामान काढून ते युरोपातील साथींच्या नोंदींशी ताडून पाहणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्य आशियात हवामान अनुकूल होऊन गेल्यावर सुमारे पंधरा वर्षांनी युरोपच्या बंदरांत प्लेग नव्याने दाखल झालेला दिसतो, म्हणजे रोग युरोपातल्या उंदरांत कायमचा मुक्काम न करता पुन्हा पुन्हा बाहेरून येत असावा, असा त्याचा तर्क होता. मध्य आशियात हा जिवाणू जर्बिल नावाच्या वाळवंटी कृंतकांत (उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत) व तशाच इतर रानटी प्राण्यांत टिकून असतो. बातमी मात्र ‘उंदीर नव्हे, जर्बिल दोषी’ अशी झाली. रोग कुठून आला आणि गावात आल्यावर घरोघरी कसा पसरला, हे दोन निराळे प्रश्न आहेत. अभ्यास पहिल्याचा होता, मथळा दुसऱ्याचा.

२०१८ मध्ये नऊ युरोपीय साथींतील मृत्यूंचे आलेख तीन गणिती प्रारूपांशी ताडून पाहिले गेले : उंदीर व त्यांच्या पिसवा, माणसाच्या अंगावरच्या पिसवा व उवा, आणि खोकल्यातून होणारा प्रसार. नऊपैकी सात ठिकाणी दुसरे प्रारूप अधिक जुळले. हा विचार करण्याजोगा निष्कर्ष आहे, पण तो आलेखाच्या आकारावरून काढलेला आहे. कोणा मृताच्या कपड्यातील ऊ तपासून काढलेला नाही, आणि प्रारूपात कोणती गृहीतके घातली यावर त्याचा बराच भार आहे.

मुंबईत या प्रश्नाचा प्रत्यक्ष प्रयोगांनी शोध घेतला गेला होता. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत पिसवांमार्फत एका उंदरातून दुसऱ्या उंदरात प्लेग जातो हे दाखवले, पण कित्येक वर्षे त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. पुढे १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत मुद्दाम छोट्या खोल्या बांधून गिनीपिग ठेवले. जिथे पिसवा होत्या तिथे प्लेग एका प्राण्यातून दुसऱ्यात गेला; जिथे पिसवा येऊ दिल्या नाहीत तिथे आजारी आणि निरोगी प्राणी एकत्र राहूनही तो गेला नाही. पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतले प्राणी वाचले, जमिनीलगतचे मेले. घरात ‘उंदीर पडला’ की बिऱ्हाड हलवून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जायचे, ही आपल्या आजोबा-पणजोबांची रीत याच निरीक्षणाशी जुळणारी होती. तेव्हा मुंबईपुरता उंदरांचा दोष चांगलाच सिद्ध आहे. चौदाव्या शतकातील थंड युरोपात हेच जसेच्या तसे घडले का, हा खुला प्रश्न आहे. वेगवेगळ्या हवामानात, वेगवेगळ्या घरांत एकाच जिवाणूने वेगवेगळी वाहने वापरली असणे अगदी शक्य आहे. ‘दोषी कोण’ अशा चौकटीत ही शक्यता बसत नाही, म्हणून ती बातमीत येत नाही.

काफा शहरात प्रेते फेकून जैविक युद्ध झाले होते का?

१३४६ मध्ये क्रिमियातील काफा या जिनोआच्या ताब्यातील बंदराला मंगोल सैन्याने वेढा घातला असता प्लेगने मेलेल्यांची प्रेते यंत्रांनी तटाच्या आत फेकली, ही कथा गाब्रिएले दे मुसी यांच्या लिखाणातून येते. ते कायदेशीर दस्तऐवज लिहिणारे नोटरी, इटलीतील पियाचेंझा शहराचे; वेढ्याच्या वेळी ते काफात नव्हते. अन्य समकालीन लेखकांकडून या घटनेला दुजोरा मिळत नाही. रोग पश्चिमेकडे गेला तो वेढा उठून धान्याचा व्यापार पुन्हा सुरू झाल्यावर, धान्याच्या जहाजांबरोबर, अशी मांडणी इतिहासकार हॅना बार्कर यांनी कागदपत्रांच्या आधारे केली आहे. बातमीत मात्र ही कथा ‘पहिले जैविक युद्ध’ म्हणून शंका न घेता दिली जाते.

बातम्यांसोबतची ती मध्ययुगीन चित्रे तरी खरी असतात ना?

चित्रे खरी असतात, विषय चुकीचा असतो. अंगभर लाल ठिपके असलेल्या काही धर्मगुरूंना बिशप आशीर्वाद देत आहे, हे चित्र आपण सर्वांनी प्लेगच्या लेखांसोबत पाहिले असेल. ते चौदाव्या शतकात लंडनमध्ये जेम्स ल पामर यांनी रचलेल्या ज्ञानकोशातील आहे आणि त्याशेजारचा लॅटिन मजकूर आजाराने दुबळ्या झालेल्या धर्मगुरूंनी धर्मकार्य करावे की नाही, याविषयी आहे. ते धर्मगुरू कुष्ठरोगी आहेत. डिजिटल प्रतिमेच्या तपशिलात ‘प्लेग’ असे पडले आणि तिथून ती चूक जगभर उचलली गेली. मोनिका ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हा सगळा माग काढून दाखवला. १४११ च्या तोगेनबुर्ग बायबलमधील, अंगभर फोड आलेल्या स्त्री-पुरुषांचे चित्रही असेच वापरले जाते; ते बायबलमधील इजिप्तवरच्या सहाव्या संकटाचे आहे.

यात वैद्यकीय खूणही आहे. प्लेगची गाठ जांघेत, काखेत किंवा मानेत येते, तीही बहुधा एकच. अंगभर सारखे ठिपके दाखवणारे चित्र दिसले की संशय घ्यावा. चोचीचा मुखवटा घातलेला वैद्य हा सतराव्या शतकातला. १६५६ चे पाउल फ्युर्स्ट यांचे छापील चित्र प्रसिद्ध आहे. चौदाव्या शतकाच्या लेखावर तो घालणे म्हणजे तीनशे वर्षांची चूक. खरोखर त्या काळचे चित्र हवे असेल तर तूर्ने शहरात १३४९ साली शवपेट्या पुरणाऱ्या लोकांचे, जिल ली म्विझी यांच्या बखरीतील चित्र आहे.

‘रिंगा रिंगा रोझेस’ हे गाणे प्लेगचे आहे का?

नाही. ते इंग्लंडमध्ये छापून आले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि प्लेगशी त्याचा संबंध जोडण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. गुलाबी चट्टे आणि शिंका ही प्लेगची ठळक लक्षणेही नव्हेत.

‘निम्मा युरोप मेला’ यासारखे आकडे कुठून येतात?

मुख्यतः करनोंदी, चर्चमधील नेमणुका, जमिनीच्या वारसनोंदी यांवरून. जिथे अशा नोंदी टिकल्या तिथले प्रमाण काढून ते संपूर्ण खंडाला लावले जाते. २०२२ मध्ये २६१ ठिकाणच्या मातीतील जुन्या परागकणांचा अभ्यास झाला. शेते ओस पडली की पिकांचे पराग कमी होऊन रानटी झाडांचे वाढतात, या आधारावर काही प्रदेशांत मोठी पडझड दिसली, तर काही प्रदेशांत शेती चालूच राहिलेली दिसली. तेव्हा एक तृतीयांश, निम्मा, साठ टक्के यांपैकी कोणताही एक आकडा संपूर्ण युरोपासाठी ठामपणे छापणे धाडसाचे आहे.

आकडे किती निसरडे असतात हे मुंबईच्या उदाहरणावरून कळते. इथे नगरपालिका होती, मृत्यूंची नोंद सक्तीची होती, डॉक्टर होते. तरीही विलगीकरण, घरझडती आणि सामान जाळले जाण्याच्या भीतीने कुटुंबे आजारी माणसाला लपवत आणि मृत्यूच्या कारणात ‘ताप’ लिहवत. म्हणून अधिकाऱ्यांनाच दुसरी वाट धरावी लागली : आधीच्या वर्षांतली त्याच आठवड्यांची सरासरी मृत्युसंख्या काढायची आणि त्यावरची वाढ पाहायची. शिवाय जानेवारी-फेब्रुवारी १८९७ पर्यंत लाखो लोक शहर सोडून गेले होते, त्यामुळे दर हजारी प्रमाण काढताना भाजक कोणता घ्यायचा हाच प्रश्न होता. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१ मध्ये ७,७६,००६. ही घट पाहून ‘प्लेगने इतके लोक मेले’ असे लिहिणे चूक आहे. तीत मृत्यू आहेत, स्थलांतर आहे आणि दरम्यान नव्याने आलेले लोकही आहेत.

प्लेगातून वाचलेल्यांच्या जनुकांमुळे आज आजार होतात, असे वाचले. खरे का?

२०२२ मध्ये लंडन आणि डेन्मार्कमधील सांगाड्यांवरून ‘ईआरएपी-२’ या जनुकाचे एक रूप प्लेगमध्ये तारक ठरले आणि तेच आज आतड्याच्या क्रोन विकाराशी संबंधित आहे, अशी मांडणी झाली व जगभर गाजली. त्यानंतर तिच्या संख्याशास्त्रीय पद्धतीवर गंभीर आक्षेप आले, आणि केंब्रिजशायरमधील सांगाड्यांवरील २०२४ च्या अभ्यासात तसा परिणाम दिसला नाही. पहिल्या बातमीला जितकी जागा मिळाली त्याच्या पासंगालाही ही दुसरी बातमी आली नाही. ही फार मोठी अडचण आहे, कारण वाचकाच्या मनात पहिलीच कायम राहते.

चौदाव्या शतकातील ती साथ भारतातही आली होती का?

तशी विधाने नकाशांसह छापली जातात, पण त्यांना विश्वसनीय आधार नाही. त्या काळच्या भारतातील साथींचे उल्लेख आहेत, मात्र त्यांत प्लेगची ओळख पटेल अशी लक्षणे नाहीत. स्पष्ट वर्णन मिळते ते जहांगीरच्या आत्मचरित्रात. आग्र्यातील साथीबद्दल लिहिताना त्याने आसफखानाच्या मुलीने सांगितलेली हकीकत दिली आहे : अंगणात एक उंदीर दारू प्यायल्यासारखा पडत-उठत चालला होता, दासीने तो शेपटीला धरून मांजरापुढे टाकला, मांजराने तो तोंडात धरून लगेच सोडला, आणि त्यानंतर घरात आजार शिरला. जिवाणू ओळखला जाण्याच्या पावणेतीनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण आहे.

पुण्याच्या प्लेगमधील सोजिरांच्या अत्याचारांविषयी काय खात्रीने म्हणता येते?

हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत भावनेने विचारला जातो, आणि तो तितक्याच काळजीने हाताळायला हवा. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील पुण्याची प्लेग समिती, सैनिकांकरवी झालेली घरझडती, माजघर-देवघरापर्यंत शिरणे, स्त्रियांची तपासणी, सामान रस्त्यावर टाकणे, या गोष्टी त्या वेळच्या मराठी व इंग्रजी पत्रांत आणि तक्रारअर्जांत नोंदलेल्या आहेत. पंडिता रमाबाईंनीही ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून पुण्यातील व्यवस्थेत मुली-स्त्रियांच्या वाट्याला काय येते, याकडे लक्ष वेधले. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली; त्यानंतर ‘केसरी’तील लेखनावरून टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे ‘मँचेस्टर गार्डियन’कडे दोन स्त्रियांवर सैनिकांनी बलात्कार केल्याचा आरोप मांडला. सरकारने पुरावा मागितला. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी उघडपणे पुढे आले नाही आणि परत आल्यावर गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. आज ही घटना दोन टोकांनी सांगितली जाते. एका बाजूस आरोप सिद्ध झाल्यासारखे लिहिले जाते, दुसऱ्या बाजूस माफी म्हणजे काहीच घडले नव्हते याचा पुरावा मानला जातो. दोन्ही चूक आहेत. पुण्यातील सरदार नातू बंधूंना खटल्याविना डांबले गेले होते, छापखान्यांवर नजर होती, आणि अशा विषयात कोणत्याही कुटुंबाने स्त्रीचे नाव पुढे करणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. झडतीतील अपमान व दांडगाई यांचे पुरावे भरपूर आहेत. त्या विशिष्ट आरोपाबाबत आरोप झाला, पुरावा पुढे आला नाही आणि तो पुढे येण्याची परिस्थितीही नव्हती, एवढेच लिहिता येते.

१९९४ च्या सुरतच्या साथीत माध्यमे कुठे चुकली?

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार त्या हंगामात देशभरात ८७६ संशयित रुग्ण आणि ५४ मृत्यू झाले. पण पहिल्या काही दिवसांत छापलेले आकडे याच्या कित्येक पटींनी जास्त होते. लाखो लोक सुरत सोडून गेले, टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या दुकानांतून संपल्या, काही देशांनी भारताची विमाने थांबवली. किल्लारीच्या भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांत उंदीर वाढले, तिथून प्लेग बीडला आणि तिथून सुरतेला गेला, अशी साखळी ठामपणे सांगितली गेली. तिच्यातला बीड-सुरत हा दुवा गृहीत धरलेला होता. पुढे उलटे टोक गाठून ‘तो प्लेग नव्हताच’ असेही लिहिले गेले. नंतरच्या जनुकीय तपासणीत तिथल्या नमुन्यांत प्लेगचाच जिवाणू असल्याचे दिसले.

‘ब्लॅक डेथ परतली’ अशी बातमी आली तर घाबरावे का?

नाही. ‘ब्लॅक डेथ’ हे चौदाव्या शतकातील त्या साथीचे नाव; प्लेग मात्र कधी गेलाच नव्हता. तो अनेक देशांतील रानटी कृंतकांत आहे. २०१० ते २०१५ या काळात जगभरात ३,२४८ रुग्ण आणि ५८४ मृत्यू नोंदले गेले. अमेरिकेत दरवर्षी सरासरी सात रुग्ण आढळतात. २०२० मध्ये चीनच्या अंतर्गत मंगोलियातील एका रुग्णावरून जगभर मथळे झाले, ते केवळ कोरोनाच्या काळामुळे. वेळेवर दिलेल्या स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारख्या प्रतिजैविकांनी हा रोग बरा होतो. खरी चिंतेची बातमी मादागास्करची होती, जिथे २०१७ मध्ये दोन हजारांहून अधिक रुग्ण आणि दोनशेच्या वर मृत्यू झाले, आणि ती आपल्याकडे आतल्या पानावर राहिली.

मराठी भागातील प्लेगचा अभ्यास करायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

मुंबईतील राज्य पुराभिलेखागारात प्लेगच्या सरकारी फायली आहेत. महापालिका आयुक्त स्नो यांचा १८९६-९७ चा अहवाल आणि ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’ यांचे त्या वर्षांचे अंक शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, कारण एकच घटना दोन्हीकडे निराळी दिसते. मराठी मजकुरात शोधताना ‘प्लेग’ एवढाच शब्द पुरत नाही. ‘ग्रंथिक सन्निपात’, ‘गाठीचा ताप’, ‘मरी’ अशा नोंदीही पाहाव्यात. मुंबईतील पहिले रुग्ण ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस गोव्याचे होते, त्यामुळे त्यांच्यासारख्या डॉक्टरांविषयीचा शोध पोर्तुगीज कागदपत्रांपर्यंतही न्यावा लागतो. गावपातळीवर ग्रामपंचायतीतील व तहसिलातील जुनी जन्म-मृत्यू रजिस्टरे हा सर्वांत दुर्लक्षित साठा आहे. ती वाचताना कारणाच्या रकान्यावर न थांबता तारखा पाहाव्यात : एकाच घरात, आठ-दहा दिवसांत, वेगवेगळ्या वयाच्या तीन-चार माणसांपुढे ‘ताप’ लिहिलेले आढळले, तर ते पान मोजपट्टी ठेवून छायाचित्रात घ्यावे आणि त्या आठवड्यात शेजारच्या गावच्या रजिस्टरात काय लिहिले आहे, ते लगेच तपासावे.